भट्टीवरची रांग, वितळलेला डबा आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह

दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ मळायचं, डबा उचलायचा आणि बेकरीच्या भट्टीवर जाऊन नंबर लावायचा, कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घरात हे सासूबाईंच्या आधीपासनं चालत आलंय. त्या रांगेला कंटाळून आम्ही कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्याबरोबर फुकट आलेला प्लास्टिकचा डबा मी १८० डिग्रीला आत ठेवून पार वितळवला. डब्यावर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं होतं की! मग डोक्यात प्रकाश पडला, तो आधी सांगते.

हे एक मशीन नाहीच, एका खोक्यात दोन मशीनं आहेत. मायक्रो मोडला मॅग्नेट्रॉन नावाच्या भागातनं लहरी निघतात आणि पदार्थातलं पाणी तापवतात, भांडं तापतं ते बहुतेक आतल्या जेवणामुळं, म्हणून तिथं काच, चिनीमाती, मायक्रोवेव्ह सेफ प्लास्टिक चालतं आणि स्टील, ॲल्युमिनियम, सोनेरी काठाचे कप ठेवले की ठिणग्या. कन्व्हेक्शन मोडला लहरी बंद असतात, हीटरची कॉइल तापते आणि पंखा ती गरम हवा आत फिरवतो, म्हणजे छोटी भट्टीच झाली. तिथं ॲल्युमिनियमचा केकचा डबा बिनधास्त चालतो आणि प्लास्टिक मात्र अजिबात नाही, त्याच्यावर काय का लिहिलेलं असेना. ग्रिललाही प्लास्टिक नाहीच. कॉम्बीमध्ये लहरी आणि हीटर दोन्ही चालतात, त्यामुळं तिथं मशीनच्या पुस्तकात जे भांडं आणि जी जाळी सांगितलीय तेवढीच वापरायची. ओव्हनला चालणारी बोरोसिलिकेट काच मायक्रो आणि कन्व्हेक्शन दोन्हीला चालते, फक्त तापलेलं भांडं काढून ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकतं.

आता घ्यायचं कसं. राजारामपुरीत दुकानात गेलो तर तिथला मुलगा सुरुवातच करतो 'मॅडम, ह्यात दोनशे ऑटोकुक मेनू आहेत'. मी त्यातले आजवर तीन वापरलेत. तुम्ही सरळ घरातला केकचा डबा पिशवीत घालून न्या, मशीनमधल्या काचेच्या ताटलीवर ठेवा आणि ताटली हातानं फिरवून बघा, डबा भिंतीला कुठं घासतोय का. लाज वाटायचं कारण नाही, पैसे आपले आहेत. दोघांचं घर असेल आणि नुसतं गरम करणं जास्त असेल तर २०-२१ लिटर पुरतो, चार-पाच माणसं आणि अधनंमधनं केक असेल तर २८ च्या आसपास घ्या. तापमान किती डिग्रीपर्यंत जातं तेही विचारा, काही मॉडेल २०० ला थांबतात आणि पिझ्झ्याला ते कमी पडतं. आतनं स्टील की सिरॅमिक यावर डोकेफोड नको, सिरॅमिक पुसायला सोपं जातं इतकंच.

दुकानात कुणी विचारत नाही ती गोष्ट म्हणजे प्लग. कन्व्हेक्शनला मशीन २००० वॅटच्या आसपास ओढतं, त्याला गिझरला असतो तसला १६ अँपिअरचा मोठा पॉइंट पाहिजे, अर्थिंगसकट, मिक्सरच्या बारक्या पॉइंटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. जुन्या घरात आधी वायरमनला बोलवा, मग मशीन आणा. बिलाचं म्हणाल तर २००० वॅटचा हीटर सलग तासभर चालला तर २ युनिट, आणि तापमान आलं की तो बंद-चालू होत राहतो, त्यामुळं रविवारच्या एका केकनं काही घर बुडत नाही. मागं, बाजूला आणि वर मोकळी जागा सोडायची, किती ते पुस्तकात दिलेलं असतं. वर टोपलं, दुपट्टं, पेपर काही ठेवायचं नाही.

केकला आधी १८० ला प्रीहीट करायचं, म्हणजे मशीन रिकामंच तापवून घ्यायचं, बीप झाल्याशिवाय डबा आत जाऊ द्यायचा नाही. डबा बुटक्या जाळीवर ठेवायचा, सात इंची डब्याला साधारण ३०-३५ मिनिटं लागतात. ओटीजीची (साध्या इलेक्ट्रिक ओव्हनची) रेसिपी असेल तर मी १०-२० डिग्री कमी ठेवते, कारण पंख्यामुळं वरचा भाग लवकर रंग धरतो. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही, पोरं कितीही मागं लागली तरी.

नानकटाई १६० ला १५ ते १८ मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागते, कच्ची राहिली म्हणून परत आत सारू नका, गार झाली की खुसखुशीत होते. पण खरं सांगायचं तर एका वेळी दहा-बारा बसतात, दोन किलोचा घाणा ह्याच्यात काढायला बसलं तर अख्खी दुपार जाते. त्यामुळं दिवाळीला सासूबाई अजूनही 'मी भट्टीवर जाऊन येतो' म्हणून डबा घेऊन निघतात आणि मी गप्प बसते. अर्धा किलोची हौस असेल तर घरात.

मायक्रो मोड रोजच्या कामाचा. वाटीभर शेंगदाणे ३-४ मिनिटात भाजून होतात, पण दर मिनिटाला काढून हलवायचे, नाहीतर मधले करपतात आणि बाहेरनं कळतही नाही. पावसाळ्यात मऊ पडलेला चिवडा अर्ध्या-एक मिनिटात सरळ होतो, गार झाल्यावर. लसणाच्या पाकळ्या १५-२० सेकंद, सालं आपोआप सुटतात. बटाट्याला, वांग्याला आधी काट्यानं भोकं पाडायची, आणि अंडं कवचासकट कधीच नाही, फुटतं. मिसळीचा कट गरम करताना वर झाकण सैल ठेवा, नाहीतर लाल तर्री छतापर्यंत. तांबडा-पांढरा मात्र गॅसवरच. मसाल्याचं कांदा-खोबरंही तव्यावरच भाजा, मी ग्रिलवर करून बघितलं, वेळ दुप्पट आणि चव निम्मी. भरताचं वांगं कन्व्हेक्शनवर २०० ला अर्ध्या तासात छान मऊ होतं पण जाळाचा वास येत नाही, त्याला इलाज नाही.

मायक्रो मोडला मशीन रिकामं कधी चालवू नका. काम झाल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो थांबेपर्यंत बटण बंद करायचं नाही. साफ करायला वाटीभर पाण्यात लिंबू पिळून ४-५ मिनिटं उकळा, वाटी लगेच उचलू नका, दोन मिनिटं थांबून मग ओल्या फडक्यानं पुसा. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक चौकोनी तुकडा दिसेल, ती मायका शीट. आमच्यात पोरांनी ती पॅकिंग समजून काढायला घेतली होती! ती काढायची नाही, आणि तिच्यावर तेल-मसाला साचून काळी पडली की तिथंच तडतड ठिणग्या सुरू होतात. तसं झालं तर मशीन लगेच बंद करा, मेकॅनिककडं नवीन शीट मापानं कापून मिळते.