बदकाच्या पिल्लांना ऊब किती द्यायची?

आठ-दहा पिल्लांसाठी तीन फूट लांब, दोन फूट रुंद खोका पुरतो. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब एका कडेला, तळापासून दीड फुटावर टांगा. एलईडीने ऊब मिळत नाही. बल्ब नुसत्या वायरवर सोडू नका, साखळीने बांधा. तो भुशावर पडला तर आग लागते. दुसरी कडा गार राहू द्या, म्हणजे पिल्लं आपापली जागा निवडतील.

थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३२ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. ठाण्यात मे महिन्यात दुपारी खोलीच ३२-३३ अंशांवर जाते. तेव्हा बल्ब बंदच हवा, रात्री पाहून लावा.

खरं माप पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, बल्ब दोन इंच खाली घ्या. चोच उघडी ठेवून धापा टाकत कडेला गेली तर वर.

पावसाळ्यात खरा शत्रू ओल. पाण्यात खेळून पिल्लं भुसा भिजवतात आणि ओल्या पिसांनी गारठतात. आईविना वाढणाऱ्यांची पिसं पाणी झटकत नाहीत. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, पण अंग शिरणार नाही असं भांडं गार कडेला ठेवा. ओला भुसा रोज काढा. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात.

वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा.