आबांची टिपणं आणि टकटकणारी डिस्क

पावसात वीज गेली-आली, गेली-आली, आणि आमचा जुना पीसी बसला. काळा पडदा, कॅबिनेटमधून टक... टक... आत आबांच्या कीर्तनाची टिपणं, पंधरा वर्षांची. बॅकअप? नावालाही नाही.

पहिली चूक माझीच, तीन-चारदा रीस्टार्ट मारला. अशी डिस्क जितकी फिरवाल तितकी जास्त बिघडते. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारू का?" मी गुपचूप डिस्क घरी आणली. खरं तर टकटकणारी डिस्क डेटा परत काढून देणाऱ्या लॅबलाच द्यावी. तो खर्च झेपेना म्हणून हा जुगार.

पेनड्राइव्हवरून उबंटू ही विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालवली. डिस्क माउंट न करता (म्हणजे तिच्यातले फोल्डर सिस्टिमला न जोडता) डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने तिची अख्खी प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घेतली. हे सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं याची नोंद ठेवणारी फाइल, द्यायला मात्र विसरू नका. रात्री दोनला पुन्हा लाइट गेली, तेव्हा काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं ते तिच्यामुळे.

मग त्या प्रतीवर फोटोरेक, हरवलेल्या फाइली हुडकणारं सॉफ्टवेअर. फाइली मिळाल्या, नावं गेली. ‘एफ’पुढे नुसते आकडे. वर्डची एक फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी! पोटात गोळा आला. मग ट्यूब पेटली: आबा शिवाजी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, आणि तो नसला की मराठी अशी इंग्रजी अक्षरांत दिसते. फॉन्ट टाकला आणि वर ‘श्री’ उमटलं.

आबांनी चष्मा सरसावला. "यात एकादशीचं कुठंय?"

ते अजून शोधतोय.