आधी नाव ताब्यात घ्या: लोगो आणि ऑनलाइन पत सांभाळताना या चुका टाळा

‘कोल्हापुरी’ हा शब्द आता एकट्या कोल्हापूरचा राहिलेला नाही. देशभरातल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डवर व्हेज कोल्हापुरी असते आणि रेक्झिनची ‘कोल्हापुरी’ चप्पल कुठल्याही फूटपाथवर मिळते. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचा साधा उल्लेखही नव्हता. इथून आवाज उठल्यावर कंपनीनं भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन हाताशी होतं, म्हणून बोलायला आधार तरी होता. पण ते मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे, कुणा एका दुकानाचं नाही. चप्पल लाईनमधला दुकानदार असो, गुजरीतला सराफ असो की राजारामपुरीतला खानावळवाला, त्याच्याकडे पूर्णपणे स्वतःचं असं एकच उरतं, ते म्हणजे पाटीवरचं नाव. आणि नेमकी त्याचीच सगळ्यात जास्त हेळसांड होते.

लोगो थोडा साधा असला तरी धंदा अडत नाही. पण लोगोची फाइल एकाकडे, गूगलचं खाते दुसऱ्याकडे आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड सोडून गेलेल्या पोराकडे असला, की गरजेच्या दिवशी नक्की अडतं. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

मूळ फाइल कुठं आहे?

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. फ्लेक्सवाल्याकडे ऑर्डरींचा ढीग. तो विचारतो, “दादा, लोगोची सीडीआर हाय का?” इकडून व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो जातो. तो आधीच तीनदा फॉरवर्ड झालेला असतो, कडा फाटलेल्या असतात. फ्लेक्सवाला बिचारा तो फोटो खाली ठेवून वरून अंदाजानं ट्रेस करतो. पुढच्या वेळी पिशवीवाला आणखी एकदा ट्रेस करतो. दोन वर्षांनी पाटीवरचा, पिशवीवरचा आणि डिलिव्हरीच्या टेम्पोवरचा लोगो शेजारी ठेवून बघा. ‘र’ची शेपटी प्रत्येक ठिकाणी वेगळी निघते.

डिझायनरचे शेवटचे पैसे देण्याआधी या फाइली मागून घ्या: मूळ सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा एआय (इलस्ट्रेटरची फाइल), अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसला तरी न बदलणाऱ्या आकारात आणलेली पीडीएफ, वेबसाइटसाठी एसव्हीजी आणि मागची पार्श्वभूमी काढलेली पीएनजी. प्रत्येकाची रंगीत आणि निव्वळ काळी अशी जोडी हवी. त्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, पेन ड्राइव्हवरही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या झाल्या तर ‘फोटो’ म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा कमी होत नाही.

मूळ फाइल हरवलीच असेल तर मोबाइलमधल्या फोटोवरून काम सुरू करू नका. सगळ्यात जुनं, स्वच्छ छापलेलं व्हिजिटिंग कार्ड किंवा बिलबुक शोधा, ते 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि चांगल्या माणसाकडून एकदाच नीट रेखाटून घ्या. त्यानंतर तीच फाइल सगळीकडे.

यातच एक कायद्याची बाब आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. पैसे मोजले की लोगो आपला झाला, अशी सरसकट समजूत आहे. कॉपीराइट कायदा, 1957 पाहिला तर बाहेरच्या डिझायनरनं काढलेल्या लोगोवरचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल तर बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतो. कागद केला पण त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. दुबईला गूळ पाठवणाऱ्यानं हे वाक्य दोनदा वाचावं. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द असलेला, दोघांच्या सह्यांचा एक पानी कागद पुरे होतो. कॅनव्हासारख्या साइटवरचं तयार चिन्ह उचललं असेल तर हा प्रश्न आणखी बिकट. तेच चिन्ह उद्या इचलकरंजीतल्या दुकानावर दिसलं तर तुम्हाला तक्रारही करता येत नाही, आणि ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला साइटच्याच अटी आड येतात.

देवनागरी नंतर बघू, असं करू नका

लोगो आधी इंग्रजीत करायचा आणि पाटीची वेळ आली की खाली मिळेल त्या फॉन्टमध्ये मराठी नाव टाकायचं, हे मला फार खटकतं. आपलं गिऱ्हाईक मराठीत वाचतं, मराठीत नाव सांगतं. शिवाय राज्याच्या दुकानांविषयीच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे मराठी नाव पाटीवर मोठं येणारच आहे. मग लोगोची सुरुवातच तिथून का करू नये?

देवनागरीत नेहमी होणाऱ्या चुका मोजक्या आहेत. इंग्रजीसारखी अक्षरं लांब-लांब केली की शिरोरेषा तुटते आणि नाव सुट्या अक्षरांसारखं दिसतं. वेलांटी आणि रफार वर किती जागा घेतात याचा हिशेब न केल्यानं ‘र्की’सारखं अक्षर पाटीच्या कडेला कापलं जातं. बऱ्याच फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. मराठीला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा. ‘लक्ष्मी’, ‘शाहू’, ‘शिवाजी’ ही नावं ज्या गावात पावलोपावली आहेत, तिथं हे डोळ्यांना खुपतं.

छपाईला गेल्यावर वेलांटी उलट्या बाजूला सरकली किंवा जोडाक्षर फुटलं, तर दोष लोगोचा नसतो. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तसा पाठवलेला असतो आणि छापखान्यातलं कोरलड्रॉचं जुनं सॉफ्टवेअर त्याला जुळत नाही, म्हणून तिथं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. उपाय साधा आहे. नाव कधीही टाइप करून पाठवू नका, कर्व्ह केलेली फाइलच पाठवा. नवीन लोगो करताना मुक्त किंवा बालू यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट घेतले तर परवान्याची भानगड राहत नाही आणि जोडाक्षरंही नीट जुळतात.

छोट्यात, काळ्यात आणि चामड्यावर

संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लोगो पास करणं ही चूक जवळजवळ सगळेच करतात. गिऱ्हाईक तो बघतं मोबाइलवर, नखाएवढ्या गोलात. चौकोनी लोगो व्हॉट्सअ‍ॅप किंवा इन्स्टाग्रामच्या गोलात टाकला की दोन्ही टोकांची अक्षरं कापली जातात. म्हणून नावाचं पहिलं अक्षर किंवा एखादं चिन्ह घेऊन गोलात बसेल असं वेगळं रूप आधीच करून घ्या.

दुसरी तपासणी बिलाच्या मशीनवर. थर्मल कागदावर फक्त काळं उमटतं; सोनेरी छटा, सावल्या, फिकट पिवळा सगळं गायब होतं. बिलावर नाव वाचता येत नसेल तर लोगो परत डिझायनरकडे.

चप्पलवाल्यांसाठी तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची. तळाच्या चामड्यावर डायनं छाप मारताना बारीक रेघ नीट बसत नाही आणि ‘ष्ट’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पोकळी बुजते. छाप जेमतेम बोटाच्या पेरभर असतो. डाय बनवण्याआधी तेवढ्याच आकारात कागदावर काळ्या शाईत छापा आणि हातभर अंतरावरून वाचून बघा. शिरोलीतल्या फौंड्रीवाल्यांनाही हेच लागू आहे. पॅटर्नवरची, म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा करतात त्या नमुन्यावरची अक्षरं बारीक आणि उभ्या कडांची असली तर साच्यातली वाळू पडते आणि कास्टिंगवर नावाऐवजी नुसता फुगवटा उठतो. त्यांनी कास्टिंगसाठी जाड, उतरत्या कडांचं दोन-तीन अक्षरांचं चिन्ह वेगळंच ठेवावं.

रंगाबद्दल थोडक्यात: मोबाइलवरचा झळझळीत भगवा फ्लेक्सवर तसा येत नाही, कारण पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि छपाई शाईनं. रंगाचे सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) आकडे लिहून घ्या, नमुना छापून बघा आणि पसंत पडलेला तुकडा जपून ठेवा.

देव, महाराज आणि पिशवी

भक्ती आणि आदर खरा असतो, यात शंका नाही. पण अंबाबाईचं चित्र असलेली पिशवी संध्याकाळी कचऱ्यात जाते, पायाखाली येते, आणि चपलेच्या खोक्यावर तर ते चित्र नकोच. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र व्यापारी कामासाठी सरकारच्या परवानगीशिवाय वापरायला बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या 1950 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. त्यांचा फोटो दुकानात मानानं लावावा, लोगोत घेऊ नये.

गूगलवरचं दुकान

नवरात्रात किंवा सुट्टीत पुण्या-मुंबईहून आलेलं कुटुंब गूगलवर ‘तांबडा पांढरा’ शोधतं आणि पहिल्या तिघांपैकी एकाकडे जातं. तुमचा लोगो ते त्यानंतर बघतं. म्हणून इथल्या चुका जास्त महाग पडतात.

पहिली चूक मालकीची. दुकानाचं गूगल प्रोफाइल भाच्याच्या किंवा एजन्सीच्या जीमेलवर उघडलेलं असतं. ‘प्रायमरी ओनर’ तुम्हीच असायला हवं; बाकीच्यांना ‘मॅनेजर’ करा. खाते दुसऱ्याच्या हातात अडकलं असेल तर गूगलच्या यादीत आपलं दुकान उघडून मालकी मागण्याचा अर्ज करता येतो. समोरच्यानं उत्तर दिलं नाही तर पुढं स्वतः पडताळणी करायची वाट बऱ्याचदा उघडते. त्यासाठी पाटी, आतलं दुकान आणि कुलूप उघडताना तुम्ही, असा सलग व्हिडिओ मागतात. पाटीवरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव एकच असलं की काम सोपं होतं.

नाव वाढवणं ही दुसरी चूक. नावाच्या पुढं ‘बेस्ट मटण थाळी इन कोल्हापूर’ असं जोडतात. गूगलच्या नियमात हे बसत नाही आणि त्यावरून प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. तसं झालं तर नवं प्रोफाइल उघडू नका, त्यानं गुंता वाढतो. आधी नाव पाटीप्रमाणे दुरुस्त करा, शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि वीजबिल तयार ठेवा, मग अपील करा.

पिन चुकीच्या बोळात असेल तर ती सरकवा. महाद्वार रोडच्या आसपास गाडी आत येत नसेल तर ‘बिंदू चौकात गाडी लावून चालत या’ असं माहितीत स्पष्ट लिहा. गाडी कुठं लावायची हे न कळल्यामुळे कंटाळून परत गेलेला माणूस राग रस्सा न चाखताच एका स्टारमध्ये काढतो.

आता परीक्षणांबद्दल, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे. एक स्टार पडला की मालकाचं रक्त तापतं, हे समजण्यासारखं आहे. मग असं उत्तर जातं: “तुम्ही आमच्याकडे आलाच नव्हता. समोरच्या हॉटेलनं पैसे देऊन लिहायला लावलंय.” हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढं येणारी शेकडो गिऱ्हाइकं वाचतात आणि हॉटेलमालक भांडखोर आहे एवढंच लक्षात ठेवतात. त्याऐवजी असं लिहून बघा:

“नमस्कार. रविवारी दुपारी तुम्हाला ताटकळत बसावं लागलं आणि रस्सा गार आला, याचं वाईट वाटतं. त्या दिवशी गर्दीत दुसऱ्या पंगतीला उशीर झाला, ही आमची चूक. आता रविवारी वाढपी वाढवले आहेत. परत याल तेव्हा काउंटरवर माझं नाव विचारा.”

नेमकी चूक कबूल, नेमका बदल सांगितलेला, आणि फुकट थाळीचं आमिष नाही. आमिष दाखवलं की पुढच्याला तक्रार करायची वाट दाखवल्यासारखं होतं. मात्र वाढपी खरोखर वाढवले असतील तरच ते वाक्य लिहायचं. उत्तरात गिऱ्हाइकाचा फोन नंबर किंवा बिलाचा फोटो कधीही टाकायचा नाही.

परीक्षण खरंच खोटं असेल, शिवीगाळ असेल किंवा दुसऱ्याच दुकानाबद्दल असेल तर ते गूगलला कळवा. नुसतं कडवट आहे म्हणून गूगल ते काढत नाही. आणि पाच स्टार विकत घेण्याच्या फंदात पडू नका. ‘पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या’ हा फलकही नियमाबाहेर आहे. ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्यूरोनं 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं ते याच प्रकारांमुळे. एका रात्रीत पडलेली, एकाच भाषेतली वीस कौतुकं गिऱ्हाइकालाही ओळखू येतात. त्यापेक्षा बिल देताना रोज दोघा-तिघांना तोंडानं विचारा, जेवण कसं वाटलं, जमलं तर लिहा. वर्षभरात जे जमतं ते टिकतं.

ट्रेडमार्क शेवटी का राहतो?

पाटी, पिशव्या, गणवेश, पेज, सगळं झाल्यावर कुणीतरी नाव नोंदवायचं सुचवतं, आणि तेव्हा कळतं की ते नाव त्याच वर्गात, म्हणजे त्याच प्रकारच्या मालासाठी, आधीच गेलेलं आहे. क्रम उलटा हवा. आयपी इंडिया या सरकारी साइटवर नाव फुकट शोधता येतं. चप्पल वर्ग 25 मध्ये, दागिने 14 मध्ये, मसाले 30 मध्ये, हॉटेल 43 मध्ये. एकटा व्यावसायिक किंवा लघुउद्योग ऑनलाइन अर्ज करत असेल तर सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे, आणि नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते. ‘कोल्हापुरी चप्पल’ किंवा ‘कोल्हापुरी गूळ’ एवढ्याच शब्दांवर एकट्याला हक्क मिळणार नाही, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. नावातला तुमचा स्वतःचा भाग ठळक लागतो. अर्ज केल्यावर ‘टीएम’ लावता येतं. गोलातला ‘आर’ प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय लावणं बेकायदा आहे.

अर्ज एजंटकडून करून घ्या, हरकत नाही, पण अर्जात ईमेल आणि मोबाइल तुमचा द्या. आक्षेपाची नोटीस त्यावर येते, आणि तिला उत्तर द्यायची मुदत चुकली तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं.