जीन हार्लोची छायाचित्रे आणि पोस्टर : पारख व जपणूक

अमेरिकन चित्रपट अभिनेत्री जीन हार्लो ही ३ मार्च १९११ रोजी कॅन्सस सिटीत जन्मली आणि ७ जून १९३७ रोजी मूत्रपिंडे निकामी होऊन अवघ्या २६व्या वर्षी वारली. १९३० सालच्या 'हेल्स एंजल्स' या चित्रपटाने तिला नाव मिळवून दिले, म्हणजे तिच्या प्रसिद्धीचा काळ जेमतेम सात वर्षांचा. तिच्या वस्तू जमवू पाहणाऱ्याला हा आखूड काळ फार उपयोगी पडतो, कारण समोर आलेला कागद १९३७ नंतरचा आहे एवढे सिद्ध झाले तरी बहुतेक वेळा निकाल लागतो. तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झालेल्या 'सॅराटोगा'ची जाहिरातसामग्रीही त्याच वर्षातली आहे.

नवखा संग्राहक सहसा सही केलेल्या छायाचित्रापासून सुरुवात करतो. माझ्या मते सही ही सगळ्यांत शेवटी घ्यायची गोष्ट आहे. चाहत्यांना टपालाने पाठवल्या जाणाऱ्या छायाचित्रांपैकी बहुतेकांवर हार्लोच्या वतीने तिची आईच सही करीत असे, आणि गंमत अशी की त्या आईचे माहेरचे नावच जीन हार्लो होते; मुलीचे मूळ नाव हार्लीन कार्पेंटर, पडद्यासाठी तिने आईचे नाव घेतले. त्यामुळे कागद जुना, शाई जुनी, छायाचित्र अस्सल आणि तरीही सही तिची नाही, असा प्रकार सर्रास आढळतो. सही पारखायची असेल तर ती करारपत्रे आणि धनादेश यांवरील, जिथे तिला स्वतःच सही करणे भाग होते अशा नमुन्यांशी ताडून पाहावी. दुसऱ्या चाहत्याकडच्या सहीशी ताडल्यास दोन्ही आईच्याच निघण्याची शक्यता असते. काही छायाचित्रांवर तर सही छापलेलीच असते. भिंगाखाली पाहिल्यास खऱ्या शाईची रेघ छायाचित्राच्या पृष्ठभागावर बसलेली दिसते, छापील सही मात्र चित्राचाच भाग असते.

सहीविना छायाचित्रे स्वस्त असतात आणि त्यांची पारख अधिक खात्रीने करता येते. चित्रपटकंपनीने वर्तमानपत्रांना दिलेली छायाचित्रे बहुधा ८ बाय १० इंचांची असत. दहापट भिंगाखाली चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छायाचित्र नसून छापखान्यातले चित्र आहे. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली मागची बाजू पाहावी. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी रसायने १९५०च्या सुमारास रूढ झाली, म्हणून निळसर-पांढरा लख्ख उजेड देणारा कागद हार्लोच्या हयातीतला असू शकत नाही. मात्र उजेड दिला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, कारण अशी रसायने नसलेला कागद नंतरही बनत राहिला. हाताला प्लास्टिकसारखा लागणारा छायाचित्राचा कागद त्याहूनही अलीकडचा असतो. मूळ निगेटिव्हवरून पुढे काढलेल्या प्रती दिसायला अतिशय देखण्या असतात. त्या प्रती म्हणून आणि प्रतीच्याच किमतीला घ्याव्यात. मागच्या बाजूला जॉर्ज हरेल किंवा क्लॅरेन्स सिंक्लेअर बुल या हॉलिवुडच्या नामांकित छायाचित्रकारांचा शिक्का असेल तर किंमत वाढते, पण शिक्काही नव्याने मारता येतो, म्हणून त्याच्याआधी कागद पाहावा.

पोस्टरचे मूळ माप २७ बाय ४१ इंच आणि लॉबी कार्डाचे, म्हणजे चित्रपटगृहाच्या दालनात लावायच्या छोट्या जाहिरात-चित्राचे, ११ बाय १४ इंच. येथे एक साधी खूण आहे. नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या वितरण संस्थेने १९४०पासून पोस्टरांच्या खालच्या कडेला वर्षाचे दोन आकडे, तिरकी रेघ आणि क्रमांक छापायला सुरुवात केली. हार्लोच्या पोस्टरवर असा क्रमांक दिसला तर ते पुनर्प्रदर्शनाच्या वेळचे आहे, विक्रेता काहीही म्हणो. घडीच्या खुणांना घाबरू नये; त्या काळी पोस्टर घड्या घालूनच चित्रपटगृहांकडे जात, आणि तीसच्या दशकातले म्हणून विकले जाणारे, एकही घडी नसलेले पोस्टर उलट जास्त संशयाने पाहावे.

खिसा लहान असेल तर मासिकांकडे वळावे. ३ मे १९३७च्या 'लाइफ'च्या मुखपृष्ठावर ती होती. त्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलेली ती पहिली चित्रपट अभिनेत्री. 'फोटोप्ले'सारख्या मासिकांचे त्या काळातले अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि एखादे छायाचित्र त्या काळी खरोखर प्रसिद्ध झाले होते का, हे तिथे तपासता येते.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत जपणूक ही पारखीइतकीच कठीण आहे. कागद आम्लरहित पुठ्ठ्यासह पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावा. बाजारात सहज मिळणारी पीव्हीसीची पाकिटे कालांतराने चिकटतात. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी वाळवावे, कसर लागली आहे का ते पाहावे आणि पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. त्या काळातली निगेटिव्ह हाती आल्यास ती नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी असू शकते; ती घरात न ठेवता चित्रपट जतन करणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा. वस्तू कोणाकडून, कधी आणि कितीला घेतली, विकणाऱ्याने तिच्याविषयी काय सांगितले, हे छायाचित्राच्या पाठीवर न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून तो पाकिटाबाहेर जोडावा.