जुन्या लँड रोव्हर सिरीजमध्ये २०० टीडीआय बसवायचं असेल तर

सिरीज ३ चं मूळ २२८६ सीसीचं पेट्रोल इंजिन भारी टिकाऊ आहे यात वाद नाही, पण चढाला दम कमी आणि पेट्रोल बेसुमार, म्हणून लोक डिझेलकडे वळतात. माझं मत विचाराल तर व्ही८ च्या, म्हणजे आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाच्या, नादी लागू नका, लँड रोव्हरच्याच पहिल्या डिस्कव्हरी गाडीतलं २०० टीडीआय हे टर्बो डिझेल इंजिन घ्या. २४९५ सीसी, साधारण १११ एचपी, आणि मुख्य म्हणजे हे इंजिन जुन्या ब्लॉकच्याच घराण्यातलं असल्यामुळे सिरीजच्या गिअरबॉक्सला वेगळी अडॅप्टर प्लेट न लावता जोडता येतं. त्यानंतरचं ३०० टीडीआय नवं असलं तरी त्यात फेरफार जास्त करावे लागतात.

इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं ऑइल सील, क्लच सगळं नवीन टाकून घ्या, नंतर हात घालायला जागाच उरत नाही. स्पिगॉट बुश (क्रँकच्या मागच्या टोकातला छोटा बुश, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं) त्या शाफ्टला बसतोय का ते इंजिन आत सोडायच्या आधी बघा. डिस्कव्हरीच्या इंजिनात टर्बो खाली असतो, तो सिरीजच्या चासीला आणि माउंटिंगला आडवा येतो, त्यामुळे एकतर लँड रोव्हर डिफेंडरच्या २०० टीडीआयचा मॅनिफोल्ड आणि टर्बो शोधा नाहीतर माउंटिंग बदलून घ्या, आणि हे आधीच ठरवा कारण सायलेन्सरचा पाइप कुठून न्यायचा ते त्यावरच अवलंबून आहे.

वायरिंगला घाबरायचं कारण नाही. डिझेलचा पंप मेकॅनिकल आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नाही, स्टॉप सोलेनॉइडला (पंपाचं डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) चावीवरून १२ व्होल्ट दिले की इंजिन चालतं, थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगला मात्र जाड वायर आणि स्वतंत्र रिले द्या. डिझेलची रिटर्न लाइन टाकीपर्यंत न्यावी लागते. टाकी आतून नीट धुवा, जुना गंज पंपात गेला तर खर्च दणदणीत. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आणि रेडिएटर दोन्ही बसायला पुढे जागा करावी लागते, इथे कंजूसपणा केला तर चढावर इंजिन तापणारच.

आता खरा मुद्दा. लोक इंजिन बसलं की काम झालं समजतात, पण डिफ (अ‍ॅक्सलमधला डिफरेन्शियल) तसाच ४.७ च्या रेशोचा राहिला तर हायवेवर इंजिन नुसतं ओरडत राहतं, कारण डिझेलला तेवढे आरपीएम मानवत नाहीत. ८८ इंची (आखूड व्हीलबेसच्या) गाडीत ३.५४ चे डिफ टाकले की त्याच स्पीडला आरपीएम जवळपास पाव भाग कमी होतात, पण पुढचा आणि मागचा दोन्ही बदला, एकच बदलून फोर व्हील टाकलं तर काहीतरी तुटणारच! स्पीडोमीटर पण कमी दाखवायला लागतो, कारण त्याची केबल ट्रान्सफर बॉक्समधून येते. आणि लो रेंजमध्ये गाडी आधीइतकी हळू रांगत नाही, म्हणून ज्यांचं जास्त चालवणं दगडधोंड्यातच आहे त्यांनी डिफ तसेच ठेवून ओव्हरड्राइव्ह (हायवेवर आरपीएम कमी करणारा जादा गिअर) लावावा असं मला वाटतं. दोन्ही एकदम नको. मागचे हाफशाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे) मुळात नाजूक आहेत, खालच्या गिअरमध्ये एकदम क्लच सोडू नका.

ब्रेक सर्वो (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा) असेल तर व्हॅक्यूम पंप लागतोच, डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो. ड्रम ब्रेक या ताकदीसाठी नव्हते बनवले, तेव्हा रस्त्यावर काढण्याआधी लायनर, सिलिंडर, होज बघून घ्या. आणि इंजिन नंबर, इंधनाचा प्रकार कागदावर बदलायला काय लागतं ते इंजिन विकत घ्यायच्या आधी विचारून ठेवा.