पुण्यातल्या बागांमध्ये झाडं आणि जुन्या दगडी वास्तू कशा टिपाव्यात

पाताळेश्वराच्या आवारात फोटो काढला की बहुतेक वेळा दगड फिकट राखाडी येतो आणि झाडांमागचं आकाश पांढरंफटक. कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं करू पाहतो. लेणं काळ्या बसाल्टात कोरलेलं, म्हणून तो त्याला उगाच उजळतो. पुण्यातल्या कितीतरी जुन्या वास्तू याच दगडाच्या आहेत, तेव्हा सुरुवात इथूनच करा.

१. आधी उजेड आवरा. फोनवर दगडावर बोट टेकवून धरून ठेवा, फोकस आणि उजेड तिथे अडकतात. मग सूर्याचं चिन्ह खाली सरकवा, दगड डोळ्यांना दिसतो तितका काळा होईपर्यंत. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे ०.७ ते उणे १ ठेवा. आगाखान पॅलेसला मात्र उलट करायचं. १८९२ सालची ती फिकट रंगाची वास्तू कॅमेऱ्याला जास्त उजळ वाटते, तो तिला मळकट करतो. तिथे थोडा उजेड वाढवा.

२. भिंतीचं तोंड कुठे आहे ते बघा. घरून निघण्याआधीच. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाजा दिवसभर सावलीत असतो. तेव्हा काढलेला फोटो सपाट येतो. मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो आणि सकाळी कोवळं ऊन दरवाज्याच्या बाजूला तिरकं घासून जातं. अशा उन्हात लोखंडी खिळ्यांच्या टोकदार सावल्या पडतात, चिऱ्यांच्या सांध्यांतल्या रेषाही उठून दिसतात. माझ्या मते जुन्या दगडाला तिरक्या उन्हासारखं दुसरं काही नाही. दुपारी बारा वाजता तिथे उभं राहू नका.

आतला लाकडी वाडा १८२८च्या आगीत गेला. राहिली ती तटबंदी, दरवाजे आणि हिरवळीतली जोती. जमिनीवरून ती नुसती दगडांची ओळ वाटतात. तटावर चढून वरून घेतलीत तर वाड्याचा आराखडा दिसू लागतो.

३. झाडासाठी मागे जा. फोन वर तिरका केला की बुंधा मागे कलतो आणि झाड पडतंय असं वाटतं. फोन सरळ धरूनच झाड चौकटीत बसेल इतके मागे या. जागा नसेल तर पूर्ण झाडाचा हट्ट सोडा. वडाच्या पारंब्या आणि मागची भिंत एवढं पुरे असतं. एम्प्रेस गार्डनमधल्या उंच झाडांखाली एखादं माणूस उभं केलं तर उंचीचा अंदाज येतो.

ऋतू पाहून जा. काटेसावर जानेवारी-फेब्रुवारीत पानं झडलेल्या फांद्यांवर फुलते, मागे निळं आकाश घ्या. पिंपळाची तांबूस पालवी सूर्याकडे तोंड करून टिपा, पानांतून उजेड झिरपतो. गुलमोहराचा लाल रंग कडक उन्हात एकसंध डाग होतो, पाकळ्या दिसत नाहीत. उजेड कमी करा, किंवा ढगाची वाट पहा. बहाव्याचे पिवळे झुबके एप्रिल-मेमध्ये.

४. पाण्याचा काठ. समुद्र नसला तरी बंडगार्डनला मुळा-मुठेचा काठ आहे. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू करा, पैलतीर आडव्या रेषेला समांतर ठेवा. पाण्यावरचा चकाकता उजेड त्रास देत असेल तर पोलरायझर, म्हणजे लेन्ससमोर लावायची चकाकी कमी करणारी काच, फिरवून बघा. जलपर्णी पसरली असेल तर तीच हिरवी जमीन समजून चौकट जुळवा, टाळत बसू नका.

५. परवानगी. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. तिपाईसाठी तिथे आधी परवानगी लागते. हातात धरूनच काढणार असाल तर कोपर अंगाशी टेकवा, श्वास सोडत बटण दाबा. कोरीव कामावर टेकू नका.

६. घरी आल्यावर. हिरवा रंग वाढवू नका. पुण्याचा पावसाळी हिरवा आधीच गडद असतो, वाढवला की प्लास्टिकचा वाटतो. मी फक्त सावलीतला भाग किंचित उजळतो आणि दगडाची काळी छटा जपतो. मग कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि कुठे उभं राहून फोटो घेतला ते टिपून ठेवतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी जाऊन तोच दगड ओला असताना टिपता येतो.