जीटीओ विकायला काढण्याआधी

गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली, फिरायला जायची दिली. पण १९६९च्या पाँटियाक जीटीओचा क्लच दाबणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार! एकोणीस वर्षं सांभाळलेली गाडी या मे महिन्यात विकली. डेट्रॉईटच्या आसपास आपली बरीच मंडळी गाड्यांच्या धंद्यात आयुष्य काढून आता निवृत्त होतायत आणि त्यांतल्या तिघाचौघांच्या गॅरेजमध्ये कव्हरखाली असंच काहीतरी उभं आहे. त्यांनी विचारलं, म्हणून लिहितोय. तुमची गाडी दुसरी असली तरी क्रम साधारण हाच.

धुणं-पुसणं राहू द्या, आधी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, शोधा. आमचं बँकेच्या लॉकरमध्ये होतं, आणि त्यावर कर्ज देणाऱ्याचं नाव अजून तसंच. कर्ज फेडून बारा वर्षं झाली होती. बोजा उतरल्याचं पत्र मिळवायला तीन आठवडे गेले. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे कळलं असतं तर सौदा तिथेच फिसकटला असता. टायटलवर नावं किती आहेत तेही बघा. आमच्या टायटलवर दोघांची होती, म्हणजे सह्याही दोघांच्या लागल्या, आणि बायको तेव्हा सांगलीला जायच्या तयारीत. सही मात्र कधीही आगाऊ करून ठेवू नका. सही केलेलं टायटल हरवलं तर निस्तरता नाकी नऊ येतात.

मग कारखान्याने गाडीवर घातलेले नंबर. हे काम शांतपणे, हातात विजेरी घेऊन, एकट्याने करा. पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर दिसते त्या पट्टीवरचा नंबर २४२ ने सुरू होत असेल तरच ती जन्माने जीटीओ; ल मान्स या पाँटियाकच्याच साध्या मॉडेलला बिल्ले लावून जीटीओ केलेल्या गाड्या कमी नाहीत. पुढचं ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९ आणि पी म्हणजे पाँटियाक गावातला कारखाना. आमच्या घरापासून ते गाव वीस मिनिटांवर, तिथला तो कारखाना आता उरलेला नाही आणि २०१० पासून पाँटियाक हे नावही बाजारातून गेलंय. इंजिनावर पुढच्या बाजूला, उजवीकडे, दोन अक्षरी शिक्का आणि गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे असतात. ग्रीसचा थर ब्रेक क्लीनरने हळूच काढा. तारेचा ब्रश अजिबात नको. घासलेला शिक्का बघितला की जाणकार माणूस एक शब्द न बोलता निघून जातो.

याच शिक्क्याने माझी जिरवली. मी गाडी घेतली ती 'जज' म्हणून. डिसेंबर १९६८ मध्ये पाँटियाकने जीटीओवर हे पॅकेज आणलं: डिकीवर पंख, अंगावर पट्टे, आत रॅम एअर इंजिन. त्या वर्षीच्या बहात्तर हजारांवर जीटीओंमध्ये 'जज' सात हजारांच्या आतच, म्हणून भाव चढा. गंमत अशी की गाडीच्या नंबरावरून 'जज' ओळखू येत नाही. गॅरेजमध्ये पालथा पडून बघितलं तर शिक्का डब्ल्यूटी. ३५० अश्वशक्तीचं नेहमीचं ४०० घनइंची इंजिन, चार गिअरवालं. 'जज' असती तर मॅन्युअलला डब्ल्यूएस किंवा डब्ल्यूडब्ल्यू हवं होतं. तरी मन मानेना, इंजिन बदललं असेल म्हणालो. शेवटी पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या बिलाची प्रत मागवली. पाँटियाकच्या गाड्यांचे मूळ कागद त्यांच्याकडे नंबरावरून मिळतात. त्यात 'जज' नाही, पंख नाही, आणि रंग व्हर्डोरो ग्रीन. माझी गाडी नारिंगी! सोळा वर्षं मी मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला पोरांना पंखाजवळ उभं करून फोटो काढत आलोय. ज्याने मला विकली त्याला हे ठाऊक होतं, का त्यालाही कुणी टोपी घातली होती, देव जाणे.

तर हा कागद तुम्ही मागवा, आणि विकायचं नक्की होण्याआधी मागवा. मी पंख काढायचा विचार केला होता. मग तसाच ठेवला आणि जाहिरातीच्या पहिल्याच वाक्यात लिहिलं की ही खरी जीटीओ आहे, पण 'जज' नाही. भाव बराच उतरला. भलतेसलते फोन मात्र कमी झाले आणि जे आले ते कामाचे होते.

दोषांचंही तेच. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून मागच्या चाकांच्या वर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुटी आहे. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ डिकीच्या तळाशी आणि मागच्या काचेच्या खालच्या कडेला साठतं, तिथले फोटो स्वतःच काढा, जॅकवर घेऊन खालूनही काढा. जीटीओचं नाक एन्ड्युराचं, रबरासारखं दबणारं, त्यावरचा रंग पत्र्यावरच्या रंगाशी कधीच पुरता जुळत नाही. ते खोड नव्हे, पण नवख्याला सांगून टाकावं. दिव्यांवरची झाकणं व्हॅक्यूमवर चालतात. माझ्या गाडीचा डावा डोळा उजव्याच्या नंतर, अर्धवट झोपेतून उठल्यासारखा उघडायचा. नळी बदलली, तरी तेच. तेही लिहिलं. घेणाऱ्याने येऊन पहिलं तेच बघितलं आणि हसला.

हिवाळाभर उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, वास सांगतो. एअर क्लीनर उघडून बघा, उंदरांना तिथे बाळंतपण करायला आवडतं. आणि हो, कुणीही आतमध्ये डांबरगोळ्या टाकू नका. आमच्याकडे प्रेमाने टाकल्या गेल्या होत्या, आजीच्या ट्रंकेतल्या शालींसारखी गाडी दोन वर्षं दरवळत होती. सीटखालचं कापड काढून उन्हात टाकलं तेव्हा कुठे कमी झालं. (तिथे स्प्रिंगांमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीच्या वर कधीकधी कारखान्यातला बांधणीचा कागद सापडतो. मला सापडला नाही.) गिऱ्हाईक यायच्या दिवशी इंजिन आधी गरम करून ठेवू नका. थंड गाडी कशी सुरू होते तेच बघायला ते आलेलं असतं.

भाव ठरवताना लोक काय मागतायत ते न बघता, गाड्या कितीला गेल्या ते बघा. विम्याच्या कागदावरची किंमत विम्यापुरती. पावत्या मात्र सगळ्या जमवा. आमच्या पैठणीच्या खोक्यात निघाल्या, रेडिएटरपासून ब्रेकच्या शूजपर्यंत. गिऱ्हाईकाला दाखवायला होतात आणि फायदा झाला तर त्यांतल्या काही कराच्या हिशेबालाही लागतात. तोटा झाला तर घरच्या वापराच्या गाडीचा तो वजा मिळत नाही, तेव्हा आशा नको. वेळ वसंतातली धरा, म्हणजे ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या इथल्या जत्रेला, गाडी नव्या मालकाकडे हजर. नोव्हेंबरात विकायला काढलेली गाडी म्हणजे गरजवंताची गाडी.

चालवून बघायला देण्याआधी परवान्याचा फोटो घ्या, शेजारी तुम्ही बसा, आणि पुढच्या चाकांनाही ड्रम ब्रेक असतील तर गाडी हलण्याआधीच सांगा. आजच्या गाड्यांची सवय असलेला पाय उशिरा दाबतो. इसार घेतलात तर परत द्यायचा की नाही ते लिहूनच घ्या. कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, घरी आणून दिला तर घेऊ नका, हुबेहूब खोटे असतात. त्याच्याच बँकेत दोघांनी जावं, चेक तुमच्यासमोर निघावा. आणि ठरल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवून वरचे पैसे परत मागणारा भेटला तर फोन ठेवून द्या.

शेवटच्या दिवशी विक्रीपत्रावर 'आहे तशी' हे शब्द घाला, शक्य असेल तर टायटल बदलायला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात (मिशिगनमध्ये गाड्यांची नोंदणी तिथे होते) बरोबर जा, आणि त्यानंतरच विमा बंद करा. नंबरप्लेट आपली, मागची एकच असते, ती काढून घ्या. स्क्रू गंजलेले असतात, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. मी ठेवलं नव्हतं. ट्रेलर दारात उभा, आणि मी नव्या गुडघ्याने डांबरावर बसून पक्कड चालवतोय. ओहायोचा तो तरुण मुलगा शेवटी "सर, द्या इकडे" म्हणत स्वतःच खाली बसला.

चाव्या दोन असतात. चौकोनी डोक्याची इंजिनाला आणि दारांना, गोल डोक्याची डिकीला आणि समोरच्या कप्प्याला. आदल्या दिवशीच एका कडीत घालून ठेवा. आमची गोल चावी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये राहिली, मसाल्याच्या चमच्यांखाली, आणि दोन दिवसांनी सापडल्यावर पोस्टाने पाठवली.